डिसेंबरात तंबूत पाणी वरून नाही, आतून येतं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अकोल्याचे. तुम्ही, वहिनी, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चिखलदऱ्याकडे निघालात. तिथे तुमच्या मित्राच्या मामांच्या वावरात दोन रात्री तंबूत राहायचं आहे. बारा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. तीन तंबू तुम्ही निवडून ठेवलेत: एक स्वस्तातला एका थराचा 'चार माणसांचा', एक फेकला की आपोआप उघडणारा, आणि एक महागडा, ज्याच्यावर ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ असं लिहिलंय. तुमचा प्रश्न एवढाच की यातला सगळ्यात जास्त वॉटरप्रूफ कोणता.

मी अमरावतीची. सतरा वर्षं झाली, शाळकरी मुलांची निसर्ग शिबिरं घेते. मेळघाटच्या पायथ्याला, वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत, तिकडे नवेगावबांधच्या बाजूलाही. दर हिवाळ्यात तीस-चाळीस मुलं तंबूत झोपवायची आणि सकाळी कोरडी, हसरी उठवायची, हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न पावसाचा नाहीच. डिसेंबरात आपल्याकडे पाऊस क्वचित येतो. रात्र बिघडते ती दोन गोष्टींनी: तंबूच्या आत साचणारं पाणी आणि जमिनीतून वर येणारी थंडी. वॉटरप्रूफचा आकडा कितीही मोठा असला तरी या दोन्हींवर त्याचा काही उपयोग नाही.

हे मी कशी शिकले ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानातून एका थराचे आठ तंबू आणले होते. दिसायला छान, हलके, भावही परवडणारा. जानेवारीत परतवाड्याच्या पुढे एका शेतात शिबिर होतं. रात्री थंडी वाढली तसं मुलांनी आतून सगळ्या खिडक्या बंद केल्या, चेनी गळ्यापर्यंत ओढल्या. पहाटे साडेचारला एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पाऊस पडून राहिला." बाहेर आले तर आभाळ निरभ्र, चांदण्या लखलखीत. तिच्या तंबूत वाकून टॉर्च मारला. छताचं कापड आतून घामेजल्यासारखं चमकत होतं. बोट फिरवलं तर बोटाच्या मागे ओघळ धावला. कुणी कुशीवर वळलं, कापडाला पाय लागला, की वरचे थेंब टपटप खाली. तिन्ही मुलींच्या पांघरुणाचा पायाकडचा भाग ओला झाला होता. ती पूर्ण पहाट आम्ही शेकोटीशी गोधड्या धरून काढली. मुलं काही बोलली नाहीत, पण त्यांचे ते थंडगार पाय मी विसरले नाही.

ते पाणी आलं कुठून? मुलींच्याच श्वासातून. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. निरभ्र रात्री तंबूचं बाहेरचं कापड आभाळाकडे उष्णता सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. मोकळ्यात ठेवलेल्या गाडीच्या टपावर सकाळी दव असतं आणि शेडमधल्या गाडीवर नसतं, तसंच हे. आतली दमट हवा त्या गार कापडाला टेकली की तिचं पाणी होतं. आणि जितकं सगळं बंद कराल तितकं ते जास्त होतं. थंडी वाजते म्हणून माणूस खिडकी बंद करतो, ओलं होतो, आणि ओलं झाल्यामुळे अजून गारठतो.

म्हणून पहिली अट: तंबू दोन थरांचा हवा. आतला थर श्वास घेणाऱ्या कापडाचा आणि जाळीचा, बाहेरचा पाणी अडवणारा, आणि दोन्हींमध्ये चार बोटांची तरी पोकळी. पाणी बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूला धरेल आणि ओघळून जमिनीवर जाईल. तुमच्या अंगाशी असलेला थर कोरडा राहील. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे पहाटे बोचरा गारठा असतो, त्यामुळे आतला थर पूर्ण जाळीचाही घेऊ नका, वारा थेट अंगावर येतो. खालचा अर्धा भाग कापडाचा आणि वरचा अर्धा जाळीचा, हे आपल्या हिवाळ्याला जमतं. बाहेरच्या थराला वरच्या बाजूला हवा जायला झडप आहे का तेही बघा, आणि ती झडप उघडी धरून ठेवणारी छोटी काडी आहे का. रात्री ती उघडीच ठेवायची. वहिनी म्हणतील गार लागतं. त्यांना एक पांघरूण जास्त द्या, पण झडप बंद करू नका.

खरेदीच्या वेळी फोटोत एक गोष्ट निरखून पाहा. बाहेरचा थर जमिनीपर्यंत येतो की नुसती टोपी घातल्यासारखा वरच्यावर संपतो? स्वस्तातल्या पुष्कळ तंबूंना दोन थर आहेत असं लिहिलेलं असतं, पण वरचा थर छताच्या मधल्या भागापुरता असतो. बाजूच्या भिंती एकेरीच. तिरपा पाऊस आला की त्या भिंतीच भिजतात, आणि झोपणाऱ्याचं डोकं आणि पाय नेमके तिथे टेकतात.

आता त्या ३००० च्या आकड्याबद्दल. कापडावर एक उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरत गेलं, तर किती उंचीच्या पाण्यानंतर कापड झिरपायला लागतं, तो हा आकडा. ३००० मिलिमीटर म्हणजे तीन मीटर उंच पाणी. छतासाठी १५०० ते २००० असलं तरी आपल्याकडच्या अवकाळीला पुरतं. तळासाठी जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा किंवा कोपर टेकलं की एका बिंदूवर अंगाचा भार येतो. पण माझ्या पाहण्यातले तंबू गळाले ते बहुतेक शिवणीतून गळाले. सुईनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं. म्हणून कापड उलटं करून शिवणीच्या आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. पट्टी नसेल तर ३००० काय नि ५००० काय.

किती माणसांचा, यावर माझं मत जरा वेगळं आहे. कंपनी 'चार माणसांचा' म्हणते तेव्हा ती माणशी पंचावन्न ते साठ सेंटिमीटर धरते. म्हणजे चार जण हात अंगाशी घेऊन, सामान बाहेर ठेवून, सरळ झोपले तर मावतात. आठ वर्षांचा मुलगा रात्री सरळ झोपतो असं मी अजून पाहिलेलं नाही. लांबीही बघा. २१० सेंटिमीटर लांबीच्या तंबूत सहा फुटी माणूस मावतो असं कागदावर दिसतं, पण भिंती आत झुकलेल्या असतात, त्यामुळे डोकं आणि पाय दोन्ही कापडाला लागतात. म्हणून लोक सहा माणसांचा मोठा तंबू घ्यायला जातात. मी तुम्हाला ते सुचवणार नाही. तुम्ही तीन माणसांचे दोन घ्या. एकात तुम्ही आणि एक लेकरू, दुसऱ्यात वहिनी आणि दुसरं.

यामागे कारणं आहेत. मोठ्या तंबूला तेवढी मोठी सपाट जागा लागते. वावरात सरी-वरंबे असतात, घाटाकडे उतार आणि दगड. आठ बाय आठ फुटांची सपाट जागा शोधताना अर्धा तास जातो, पाच-सहा फूट रुंदीच्या दोन जागा मात्र सहज मिळतात. बुटका, लहान घुमट वाऱ्याला चांगला टिकतो आणि अंगाच्या उबेनं लवकर गरम होतो. एक तंबू रात्रीत बिघडला तर चौघं दुसऱ्यात कसेबसे बसू शकतात. आणि तीन वर्षांनी मुलगी चौदाची होईल, तेव्हा तिला स्वतःची जागा हवीच असेल. दोन्ही तंबूंची दारं एकमेकांसमोर, चार पावलांवर ठेवा, म्हणजे मुलांना भीती वाटत नाही. तुमचा मुलगा दोघांशिवाय झोपतच नसेल, तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवा आणि २४० सेंटिमीटर रुंदीचा एकच घ्या. ते घरातल्या सवयीवर आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

आपोआप उघडणाऱ्या तंबूबद्दल दोनच वाक्यं. लावायला सोपा, पण घडी घालताना भल्याभल्यांची फजिती होते आणि घडी झाल्यावरही तो सुपाएवढा मोठा गोल गाडीत मावत नाही. बहुतेक स्वस्त प्रकार एका थराचे असतात, म्हणून तुमच्या कामाचे नाहीत.

काड्या, म्हणजे पोल, दोन प्रकारचे येतात. फायबरग्लासचे स्वस्त आणि जड, ॲल्युमिनियमचे महाग आणि हलके. फायबरचा पोल मोडताना उभा चिरतो आणि त्याची कुसळं हातात घुसतात. ॲल्युमिनियमचा आधी वाकतो, बराचसा हाताने सरळही करता येतो. तुम्ही गाडीनं जाणार, पाठीवर काही न्यायचं नाही, त्यामुळे फायबरचा चालेल. फक्त पोल साडेआठ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असावा, उदबत्तीसारखा बारीक नको. एकदा फेब्रुवारीत वरुडकडे संत्राबागेत असताना संध्याकाळी गारपीट आली. आधी सुसाट वारा, मग बोराएवढ्या गारा. मुलांना आम्ही मालकाच्या पक्क्या खोलीत नेलं होतं, पण तीन तंबूंचे पोल चिरले. मालकाच्या गड्यानं बांबूची एक कामटी आणली, विळ्यानं वीतभर तुकडे केले, चिरलेल्या भागाला दोन्ही बाजूंनी लावले आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ताणून करकचून गुंडाळले. दहा मिनिटांत पोल उभा. तेव्हापासून माझ्या पेटीत जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या आणि चार कामट्या कायम असतात. तुम्हीही ठेवा.

आता खुंट्या. यावर कुणीच बोलत नाही, आणि विदर्भात तर यावरच बोलायला हवं. तंबूबरोबर येणाऱ्या पेन्सिलीएवढ्या तारेच्या खुंट्या मऊ हिरवळीच्या देशांसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे जमीन एक तर मुरमाड नाहीतर काळी. चिखलदऱ्याच्या वर मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे तारेची खुंटी दोन इंच जाते आणि वाकते. परतवाडा-अचलपूरच्या सपाटीला उतरलात तर काळी कपाशीची जमीन. ती वाळली की भेगाळते आणि विटेसारखी कडक होते, ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी. खुंटी संध्याकाळी घट्ट बसलेली असते आणि रात्री सर आली की बोटानं उपटून निघते. काळ्या जमिनीत मी तंबू उडताना पाहिले आहेत, आणि दर वेळी कापड, पोल सगळं शाबूत होतं. फक्त खुंट्या निघाल्या होत्या.

उपाय स्वस्त आहे. अकोल्यात कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे जा आणि आठ मिलिमीटरच्या सळईच्या फूटभर लांब, एका टोकाला हुकासारख्या वाकवलेल्या वीस खुंट्या करून घ्या. सोबत अर्धा किलोचा हातोडा. मुरमात त्या ठोकल्या जातात, वाकत नाहीत. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोकायची, दोरीशी साधारण काटकोन झाला पाहिजे. पाषाण लागून ती जातच नसेल तर दोरीचं टोक जाड काडीला बांधा आणि काडीवर मोठे दगड रचा. काळी जमीन ओली असेल तर रिकाम्या पोत्यात माती भरा, पोत्याला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. ते पोतं बैलाला ओढता येणार नाही. तुम्ही घुमटाच्या आकाराचा, म्हणजे खुंट्यांशिवायही स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू घ्या असं म्हणते त्याचं कारणही हीच जमीन. बोगद्यासारखे लांबट तंबू खुंट्या नसल्या की उभेच राहत नाहीत.

एक काळजी घ्या, आणि ही मामांच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. बागेत किंवा तुरीच्या शेतात ठिबकच्या नळ्या असतात, कधी मातीखाली दबलेल्या. न विचारता ठोकलेली एक खुंटी नळीला भोक पाडते आणि शेतकऱ्याला ते पाणी सोडल्यावरच कळतं. आधी नळ्या कुठून गेल्या ते त्यांच्याकडून दाखवून घ्या.

आता बारा हजारांची वाटणी. माझा हिशोब असा: दोन तंबूंवर साडेसात-आठ हजार, आणि उरलेले चार तुमच्या पाठीखाली. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण डिसेंबरच्या रात्री थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते. अंगाखालची गोधडी वजनानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि जमीन रात्रभर तुमची ऊब पिते. फोमच्या चटया घ्या, प्रत्येकाला एक, किमान बोटभर जाड. त्यांच्यावर घरची सतरंजी, तिच्यावर वाकळ. हवा भरायची गादी आणू नका. तिच्यातली हवा गार पडली की पाठही गार पडते, आणि बाभळीचा एक काटा तिला पुरतो. काटे आपल्याकडे कुठेही असतात, म्हणून तंबू टाकण्याआधी जागा हातानं चाचपून घ्या, नुसती नजरेनं नाही. भंडारा-गोंदियाकडे आम्ही तंबूखाली धानाची तणस पसरायचो, चार बोटं जाड, आणि त्याहून उबदार बिछाना मी पाहिलेला नाही. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार मिळेल, पण ते वापरू नका, टोचतं आणि तळ फाडतं.

तंबूच्या तळाखाली आणखी एक जाड कापड अंथरा. त्यासाठी नवी ताडपत्री लागत नाही, जुना फ्लेक्स उत्तम, गावागावात पडलेला असतो. फक्त तो तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान कापा किंवा दुमडा. बाहेर डोकावला तर दव आणि पाऊस त्याच्यावर गोळा होऊन थेट तुमच्या खाली जातो. कितीतरी जण ही चूक करतात आणि तंबू गळका निघाला म्हणतात.

तळाविषयी अजून एक, आणि हे आई-बापांनी नीट वाचावं. तळ भिंतींना शिवलेला हवा आणि टबासारखा कडेनं वितीएवढा वर आलेला हवा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे झोपेत कळतही नाही. कडाक्याच्या थंडीत साप कमी फिरतात, पण विंचू असतातच. शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन हा त्यावर सगळ्यात साधा बंदोबस्त आहे, आणि जुन्या पद्धतीच्या उघड्या राहुटीपेक्षा आजच्या तंबूचा खरा फायदा मला हाच वाटतो. म्हणून तंबू हातात आला की चेन वीस वेळा उघडबंद करून पाहा. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ती वळते, तिथेच अडकते. तिथे कापड चेनमध्ये येत असेल तर तंबू परत करा. आणि मुलांना नियमच घाला: आत जाताना चेन, बाहेर येताना चेन, बूट सकाळी झटकूनच घालायचे. एवढं करूनही दंशाची शंका आली तर वेळ न घालवता जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं, दुसरा कुठलाही उपाय करत बसायचं नाही.

इथवरचं एकत्र सांगते: दोन थरांचा, वरचा थर जमिनीपर्यंत येणारा, घुमटाकार, अर्धी जाळी, वर झडप, शिवणीला पट्टी, तळ टबासारखा. तीन माणसांचे असे दोन. खुंट्या वेगळ्या करून घ्यायच्या आणि पैसे चटयांसाठी राखायचे.

हे सगळं हिवाळ्यापुरतं. तुम्ही पुढे लिहिलंय की हाच तंबू उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही वापरू. उन्हाळ्याचं सरळ सांगते, आपल्या सपाटीवर एप्रिल-मेमध्ये तंबू नकोच. पारा पंचेचाळिसाला टेकतो, कापड दिवसभर तापतं आणि मध्यरात्रीपर्यंत आत शिरवत नाही. त्या दिवसांत अंगणात बाज टाका, चारी पायांना काठ्या बांधून मच्छरदाणी लावा, याहून चांगली सोय नाही. शिवाय मेच्या उन्हात दिवसचे दिवस उभा ठेवलेला तंबू विरतो. कापड वरून बरं दिसतं आणि एक दिवस हाताने टरकतं. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर दिसतो हे खरं, पण धुक्यात आणि झडीत लहान मुलांना घेऊन तंबूत राहू नका. राहायचंच असेल तर टिनाच्या शेडखाली किंवा रिकाम्या गोठ्यात तंबू लावा. म्हणजे मच्छरांपासून आणि मण्यारीपासून आडोसा तंबूचा, पावसापासून शेडचा.

जागेचं बोलल्याशिवाय मला उत्तर पुरं वाटणार नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही, आणि टाकूही नये. तुम्ही खासगी शेतात राहणार ते योग्यच, पण शेत जंगलाला लागून असेल तर पोलीस पाटलांना आणि तिथल्या वनरक्षकाला आधी सांगून ठेवा. ते तुम्हाला त्या आठवड्यात कोणतं जनावर कुठून जातंय तेही सांगतील, ही माहिती कुठल्याच वेबसाइटवर मिळत नाही. हिवाळ्यात बोरं पिकलेली असतात आणि अस्वलाला बोरं फार आवडतात, तेव्हा बोरीच्या झुडपांपासून लांब राहा. मार्चनंतर गेलात तर मोहाच्या झाडाखाली तंबू नको, तेच कारण.

नाल्याच्या कडेला, तळ्याच्या काठाला जागा छान दिसते, पण गार हवा पाण्यासारखी उताराने खाली येऊन तिथेच साचते. दवही तिथे जास्त. त्याच वावरात दोन पुरुष उंच चढून तंबू टाकलात तर पहाटे फरक जाणवेल. हिवाळी वारा आपल्याकडे उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणून दार आग्नेयेला करा. वारा थेट दारात शिरणार नाही आणि सकाळचं ऊन दारातून आत येईल. एकट्या उंच झाडाखाली मात्र नको. आभाळ भरून आलं, वीज चमकायला लागली तर तंबूचा काही उपयोग नाही, लेकरं घेऊन पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत बसा.

आणि एक गोष्ट जी बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकं उद्ध्वस्त करतात म्हणून शेताभोवती तारा लावलेल्या असतात. झटका मशीनची तार झटका देऊन सोडते. पण काही ठिकाणी लोक लाइनचा करंट थेट तारेत सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत. रात्री मुलांना लघवीला न्यायचं झालं तरी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, जायचं नाही, शेजारच्या वावरात तर नाहीच. उजेडातच एक जागा ठरवा, तिथवर पांढऱ्या चिंध्या बांधून वाट दाखवा, आणि टॉर्च दोघांकडे ठेवा.

शेकोटी तंबूपासून पंधरा-वीस पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. हे कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. डिसेंबरात सागाची वाळकी पानं जमिनीवर असतात, ती आधी झाडून काढा. कितीही थंडी वाजली तरी शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं तंबूत नेऊ नका. त्या धुराला वास नसतो असं नाही, पण त्यातला जो वायू जीव घेतो त्याला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

तंबू घरी आले की निघण्याच्या आधीच्या शनिवारी गच्चीवर लावा. मुलांनाच लावू द्या, तुम्ही फक्त बघा. मग बागेच्या पाइपनं वरून दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत बसून शिवणी पाहा. रात्री चौघं तिथेच झोपा. काय विसरलं ते त्या एका रात्रीत कळतं, आणि घर खालीच असतं. नंतर तंबू पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओला गुंडाळला की आतला लेप चिकट होतो, वास येतो आणि मग तो कशानंही जात नाही. गाडीच्या डिक्कीत उन्हाळाभर पडू देऊ नका, त्यानंही लेप सुटतो.

आज संध्याकाळी मामांना फोन करून एवढं विचारा: जमीन मुरमाड की काळी, ठिबक कुठून गेलंय, आजूबाजूला तारा कुणाच्या आणि कसल्या, आणि जवळ पक्की खोली किती पावलांवर आहे. उत्तरं इथे लिहा, सोबत तुमची आणि वहिनींची उंचीही. मग खुंट्या किती लांब करायच्या आणि तुमच्या यादीतला, किंवा यादीबाहेरचा, नेमका कोणता तंबू घ्यायचा ते सांगते.